काठावर पास झालेला फोटो

हिरकणीवाडीत पैसे मोजून फोटो विकत घेणारा माणूस मी एकटाच. बाकीच्यांना तशी गरजच पडत नाही, कारण आमच्याकडे फोटोंचा दुष्काळ कधी नव्हता. १९९६ साली रायगडाचा रोपवे सुरू झाला, त्याचं खालचं स्टेशन आमच्या वाडीत आलं आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी इथे माणसांपेक्षा फोटो जास्त असतात. ट्रॉलीत बसण्याआधी एक, बसल्यावर एक, आणि ट्रॉली सुटल्यावर डोळे गच्च मिटलेले चार-पाच. वर पोचल्यावर होळीचा माळ, मेघडंबरी, टकमक टोक, हिरकणी बुरूज. माणसं तीच, दात तेच, फक्त मागचा दगड वेगळा. खाली उतरून हीच मंडळी आमच्या घरगुती खानावळीत येतात. बायको तव्यावरची गरम भाकरी वाढते. गिऱ्हाईक उभं राहून भाकरीचा फोटो काढतं, ठेच्याचा काढतं, पिठल्याचा दोन बाजूंनी काढतं आणि मग भाकरी गार झाली म्हणून दुसरी मागतं.

अशा गावात मी पेन्शनीतून फोटो विकत घेतो ही बातमी पसरली, तेव्हा शेजारचे तात्या मुद्दाम चौकशीला आले.

"कुणाचा फोटो घेतलास?"

"डोंगराचा."

"कुठल्या डोंगराचा?"

"हिमालयातल्या."

तात्यांनी काही न बोलता मान वर केली. समोर अख्खा रायगड उभा होता. "याचं काय बिघडलं होतं?" ते म्हणाले.

मी त्यांना छायाचित्रकलेचा इतिहास सांगायला घेतला. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार होते, राजा दीनदयाळांनी पुढे मुंबईत स्टुडिओ थाटला होता, तेव्हा फोटो ही काही आजची फॅशन नव्हे, वगैरे. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण त्या लोकांनी फोटो काढून पैसे घेतले. देणारा तू."

खरी पंचाईत झाली ती फोटो घरात आल्यावर. कलात्मक छायाचित्राची प्रत म्हणजे स्टुडिओतून पाकिटात घालून देतात ती कॉपी नव्हे. कागद सुती, शाई शंभर वर्षं टिकेल असं सांगितलेली, आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने छायाचित्रकाराची सही. सहीशेजारी आकडा असतो. माझ्या फोटोवर होता ४/१०. म्हणजे या फोटोच्या दहाच प्रती निघणार आणि त्यातली ही चौथी. बायकोने चष्मा लावून तो आकडा वाचला.

"अहो, दहापैकी चारच?"

"हो."

"म्हणजे काठावर पास. एवढ्या पैशात पहिल्या नंबरचा नाही मिळाला?"

"पहिल्या नंबरचा एक-बटा-दहा असतो."

"तो तर नापास!"

मी तिला व्यवहार समजावून सांगितला. या धंद्यात पुष्कळदा पहिल्या प्रती स्वस्त असतात आणि प्रती संपत आल्या की भाव चढत जातो. म्हणजे दहा-बटा-दहावाला सगळ्यात जास्त पैसे मोजतो आणि सगळ्यात शेवटी आल्याचा अभिमान बाळगतो. यावर ती म्हणाली, की एस.टी.तही शेवटी चढणाऱ्याला उभं राहावं लागतं, पण तिकीट तरी तेवढंच असतं. दहा प्रतींखेरीज छायाचित्रकार स्वतःसाठी एक-दोन जादा प्रती ठेवतो आणि त्यांच्यावर 'ए.पी.' असं लिहितो. तशीही एक मी मोहापोटी घेतली. महाडचा मेहुणा ती बघून म्हणाला, "आंध्र प्रदेशातून मागवलात वाटतं? गाडीचं पासिंगही तिकडचं करून घ्या."

किमतीबद्दल सांगायचं तर मी घरात आकडा सांगताना शेवटचं शून्य उच्चारत नाही. ते शून्य एकदा चुकून तोंडातून निघालं, तेव्हा बचावासाठी मी जागतिक बाजारपेठेचा आधार घेतला. २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात आंद्रेयास गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचा 'ऱ्हाईन २' हा फोटो ४३ लाख डॉलरना गेला, असं मी सांगितलं आणि मोबाईलवर तो दाखवलाही. हिरवळीचा पट्टा, नदीचा पट्टा, पुन्हा हिरवळीचा पट्टा आणि वर मळभ.

"यात माणसं नाहीत ती?" बायकोने विचारलं.

"होती. त्याने कंप्युटरवर पुसून टाकली. पलीकडे कारखाना होता, तोही पुसला."

"मग आपल्या गांधारी नदीचा काढा. दुपारी तिथे काळं कुत्रं नसतं. पुसायची मजुरी वाचेल."

२०२२ साली मॅन रे यांच्या एका फोटोला १ कोटी २४ लाख डॉलर आले. त्यात एका बाईची उघडी पाठ आहे आणि पाठीवर व्हायोलिनला असतात तशी दोन छिद्रं रंगवलेली आहेत. हा दाखला मी घरात दिलेला नाही.

संग्राहकाचा सगळा डोलारा टंचाईवर उभा असतो. वस्तू चांगली आहे यापेक्षा ती दुसऱ्याकडे नाही, यात खरं सुख. पण या हिशेबालाही तळ नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवणारा चंद्र टिपला. घाईत प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राचा उजेड किती असतो ते आठवून त्याने अंदाजाने बटण दाबलं. पुढच्या आयुष्यात त्याने त्या एका फोटोच्या हजाराहून जास्त प्रती काढल्या, आणि त्यातली एक २००६ साली सहा लाख डॉलरच्या वर गेली. हजार प्रती निघूनही भाव असा. माझ्या डोंगराच्या दहाच प्रती निघायच्या आहेत आणि त्यातल्या सहा अजून छायाचित्रकाराच्या कपाटात गिऱ्हाईकाची वाट बघतायत. तो मला अधूनमधून फोन करून माझी प्रकृती विचारतो.

फोटो घरी यायचा तोही साधेपणाने येत नाही. लांबलचक पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून येतो. कुरिअरवाला वाडीपर्यंत चढत नाही. "रोपवेखालचं घर" असा पत्ता वाचून तो खालच्याच टपरीवर नळी ठेवून जातो. एक नळी तिथे बरेच दिवस पडून होती. मी चौकशीला गेलो तेव्हा टपरीवाला पोऱ्या त्याच नळीने केळ्यांवर आलेली माकडं हाकत होता. "काका, एक नंबर वस्तू आहे," तो म्हणाला, "हलकी आहे आणि आवाज मोठा येतो." आत सुती कागदावरची मर्यादित प्रत आहे हे ऐकून त्याने नळी कानाशी हलवून पाहिली आणि पुढची माकडं जरा बेताने हाकली.

प्रतींपाठोपाठ पुस्तकांचा नाद लागतो. फोटोंची पुस्तकं हा आणखी खोल डोह आहे. रॉबर्ट फ्रँकचं 'द अमेरिकन्स' १९५८ साली पॅरिसमध्ये निघालं आणि दुसऱ्या वर्षी अमेरिकेत. आता त्या पहिल्या आवृत्त्यांची किंमत बघितली की आपण त्या काळात जन्मून पॅरिसला का नव्हतो याचा राग येतो. मार्टिन पार आणि जेरी बॅजर यांनी २००४ पासून फोटोपुस्तकांच्या इतिहासाचे तीन खंड काढले. त्यांत ज्या पुस्तकाचं नाव आलं त्याचा भाव चढला. तेव्हापासून प्रत्येक विक्रेता पुस्तकाच्या माहितीत "पार-बॅजरमध्ये उल्लेख" असं लिहितो. मुलीच्या स्थळाला "मामा मंत्रालयात" असं लिहितात, तेच वजन.

ही पुस्तकं पांढरे सुती हातमोजे घालून चाळायची असतात. मी ओटीवर मोजे घालून बसलो की येणारे-जाणारे विचारतात, "बँडपथकात लागलात का?" पाहुण्यांना मोजे देता येत नाहीत. आमच्या आत्याने आपल्या रीतीप्रमाणे बोट जिभेला लावून पानं उलटायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या काळजाचा एकेक कोपरा ओला होत गेला. ती अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली.

"नवरा-नवरी कुठे आहेत यात?"

"आत्या, हा लग्नाचा अल्बम नाही."

"मग मुंजीचा?"

"कसलाच नाही. अमेरिकेतली माणसं आहेत."

"आपल्यातलं कुणी आहे का?"

"नाही."

आत्याने पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "मग दुसऱ्यांचा अल्बम आपल्या घरी कशाला ठेवलास? देऊन टाक त्यांचा त्यांना."

फोटोपुस्तकाची निम्मी किंमत त्याच्या वरच्या सुट्या कव्हरात असते. ते मूळचं असेल तर भाव काही पटींनी वाढतो. म्हणजे आतलं पुस्तक वेष्टणाच्या आधाराने जगतं. ही गोष्ट मी बायकोला सांगितली नव्हती. जूनमध्ये नातवाच्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालायचा कार्यक्रम निघाला, तेव्हा तिने प्रेमाने माझंही पुस्तक त्या गठ्ठ्यात घेतलं. मूळचं कव्हर कोपऱ्यात जरासं फाटलं होतं, ते काढून टाकलं. वर खाकी कागद घातला, लेबल चिकटवलं आणि नातवाने त्यावर सुवाच्य अक्षरात माझं नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिली. मूळ कव्हर शोधलं तेव्हा ते मिसळणाच्या डब्याखाली सापडलं, हळदीच्या गोल शिक्क्यासह. अशी प्रत जगात दुसऱ्या कुणाकडेही नाही, हे मात्र कोणताही विक्रेता मान्य करील.

दयानिता सिंग यांचं 'म्युझियम भवन' तर पुस्तकच नाही, पेटी आहे. २०१७ साली जर्मनीतल्या स्टायडल प्रकाशनाने काढलेल्या या पेटीत घडीची नऊ छोटी पुस्तकं आहेत. ती उलगडून घरात मांडायची, की आपलंच संग्रहालय तयार. मी एका मित्राची पेटी चार दिवसांच्या बोलीवर आणली आणि ओटीवर ती पुस्तकं उलगडून उभी केली. हिरकणीवाडीतलं पहिलं कलादालन! वाडीतली पोरं रांगेने आली. कुणी हात लावला नाही, कुणी बोललं नाही, मुंबईच्या जहांगीरलाही लाजवील अशी शिस्त. मग तात्यांची कोंबडी आली. तिने एका टोकाने प्रवेश केला, प्रत्येक फोटोसमोर मान तिरकी करून थांबली, आणि बाहेर पडताना अभिप्राय देऊन गेली. मित्राला पेटी परत करण्याआधी मी ओल्या फडक्याने तो अभिप्राय पुसला.

या सगळ्या संग्रहातलं एकच पुस्तक वाडीने आपलं मानलं. गोपाळ बोधे यांनी महाराष्ट्राचे किल्ले आकाशातून टिपले. उद्धव ठाकरे यांचं 'महाराष्ट्र देशा' हे हवाई छायाचित्रांचं पुस्तक २०१० मध्ये आलं. आम्ही जन्मभर गडाकडे खालून मान मोडून बघत आलो. आता गडाकडे वरून बघायची सोय झाली. असलं एक पुस्तक माझ्या घरात आहे असं कळलं आणि वाडी लोटली. कलेबद्दल कुणी काही विचारलं नाही. "आपलं घर दाखव," एवढंच. रायगडाच्या पानावर एकाच वेळी इतकी बोटं पडली की गडाला वेढा पडल्याचा भास व्हावा. एका ठिपक्यावर दोन भाऊबंदांनी हक्क सांगितला; एकाचं म्हणणं ते आपलं कौलारू छप्पर, दुसऱ्याचं म्हणणं तो आपला गोठा. पाचाडची पाहुणीमंडळीही जिजाऊंच्या वाड्याच्या आसपास आपलं अंगण शोधून गेली. पुस्तकाचा कणा तुटला, पानं सुटली, त्या पानाला तेलकट डाग पडले. बाजारात त्याला आता रद्दीचा भाव येईल. पण माझ्या कपाटातलं तेवढं एकच पुस्तक लोक अजून मागून नेतात.

बाकीच्या वस्तूंना माणसांपासून जपलं तरी आभाळापासून जपता येत नाही. छायाचित्रांना हवेत ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते असं जाणकार सांगतात. आमच्या महाड-पोलादपुराकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत भिंतीवरच्या कॅलेंडरलाही शेवाळ धरतं. त्यात बुरशी, वाळवी आणि कसर. कसरीला सुती कागद फार आवडतो, शंभर वर्षं टिकणारा तर विशेष. मी डांबरगोळ्या ठेवल्या, कडुलिंबाचा पाला ठेवला, चपलांच्या खोक्यांतल्या दमट शोषणाऱ्या पुड्या गोळा करून ठेवल्या. शेवटी बायकोच्या लक्षात आलं, की घरात बाराही महिने कोरडी राहणारी जागा एकच : चुलीवरच्या फळीवरचा सुकटीचा मोठा डबा. झाकण घट्ट, हवा नाही, ओल नाही. सुकटीवर प्लास्टिक अंथरून माझ्या प्रती त्यात गेल्या आणि पावसाळाभर सुखरूप राहिल्या. बोंबलांनीही तक्रार केली नाही.

दिवाळीनंतर मुंबईचे एक मोठे संग्राहक गड बघायला आले होते, ते जेवायला आमच्याकडे टेकले. बोलता बोलता विषय निघाला. मी डब्यातून एक जुनी, काळीपांढरी प्रत काढून समोर ठेवली. त्यांनी खिशातून स्वतःचे पांढरे मोजे काढून घातले, प्रत उजेडाकडे धरली, आणि मग नाकाजवळ नेली. डोळे मिटले.

"हा वास!" ते हळूच म्हणाले. "जुन्या डार्करूमचा. रसायनांचा. हल्लीच्या प्रिंटला हा येतच नाही."

मी जमिनीकडे बघत राहिलो. आतून बायकोने विचारलं, "साहेबांना सुकट वाढू का थोडी?"

"नको, मी शाकाहारी आहे," साहेब म्हणाले आणि पुन्हा एकदा दीर्घ श्वास घेतला. जाताना त्यांनी त्या प्रतीला बरी किंमत देऊ केली, अट एकच : हवाबंद पाकिटात द्यावी, वास उडता कामा नये.

त्या एका गोष्टीत संग्राहकाची सगळी जात आली. आम्ही फोटो हुंगतो, मोजतो, गुंडाळतो, उजेडापासून लपवतो, आकडा वाचतो, सही तपासतो. बघत मात्र नाही. बघितला तर उजेड लागतो, उजेड लागला की रंग उतरतो, रंग उतरला की भाव उतरतो. म्हणून चित्र अंधारात आणि मालक चिंतेत.

अपवाद एकाच फोटोचा. वारीत एका तरुण छायाचित्रकाराने टिपलेला म्हातारा वारकरी, कपाळाला बुक्का, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. तो फ्रेम करायला महाडला दिला तेव्हा फ्रेमवाल्याने आवाज खाली आणून विचारलं, "कधी गेले?" तो सोनेरी बॉर्डर, खाली नाव, जन्म-मृत्यूची तारीख आणि लाल मिणमिणता दिवा बसवून द्यायला तयार होता. कसाबसा साध्या काळ्या फ्रेममध्ये तो घरी आला आणि ओटीवर लागला. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दोन काकी भेटायला येऊन गेल्या. "वय झालं होतं, सुटले बिचारे," असं म्हणून चहा न घेता उठल्या. आत्याने हार घातला. काचेवर गंध लागलं. सर्वपित्रीला त्यांच्यापुढे नैवेद्याचं पान मांडलं गेलं, आणि ते कोण हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. छायाचित्रकाराची सही हाराखाली झाकली गेली आहे, आकडा गंधात बुडाला आहे. पण घरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण एकदा तरी त्यांच्याकडे बघून जातो. खानावळीतली गिऱ्हाइकंसुद्धा भाकरी ठेवून त्यांचा फोटो काढतात.

तेव्हा वाचकांना सांगणं एवढंच, की फोटो जरूर विकत घ्या. संदेश भंडारे यांची वारी आणि तमाशावरची पुस्तकं आहेत, मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं टिपणारे सुधारक ओलवे आहेत, तुमच्या तालुक्यातला एखादा होतकरू पोरगाही असेल. त्याच्याकडून सहीसकट घ्या आणि घासाघीस करू नका. पण भिंतीला खिळा ठोकायची तयारी असेल तरच घ्या. कपाटात ठेवायला घेणार असाल तर ते पैसे मुदत ठेवीत टाका, तिला कसर लागत नाही. आणि कोकणात राहत असाल तर खरेदी दिवाळीनंतर करा. भाव तोच पडतो, बुरशी कमी धरते.